अपघात म्हणजे अकस्मात

देशाच्या एकीसाठी सगळ्यांची एकच भाषा असावी की नसावी, असा परिसंवाद यंदाच्या अंकात आहे आणि त्यात तुम्हीही लिहा, असं संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्यांना आधी विचारलं, "आपण नंबर बरोबर लावलाय ना?" आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आले, सवय जात नाही. नंबर बरोबर होता. परिसंवादात दोन प्राध्यापक आहेत, एक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. ते तिघे देशाचं बघतील. मी पुण्यात पेठेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होते. देश माझ्याकडे एका वेळी एकेकटाच यायचा, तोही बहुधा घाबरलेला आणि 'हॅलो, हॅलो' करणारा. त्यामुळे माझं मत मागू नका, घडलं ते सांगते.

ऑपरेटरचं काम म्हणजे खुर्चीत बसून 'होल्ड करा' म्हणायचं, अशी लोकांची समजूत असते. आमच्या ह्यांचीही होती. मी आमटी वाढायला उशीर केला की हे ताटावरून म्हणत, "करतो होल्ड." प्रत्यक्षात तळमजल्यावर रिसेप्शनच्या शेजारी आमची काचेची केबिन होती. समोर बोर्ड, त्यावर बाहेरून येणाऱ्या लाइनी आणि आतल्या वॉर्डांची, थिएटरची, प्रयोगशाळेची एक्स्टेन्शनं. बाहेरच्या माणसाला आतल्या माणसाशी जोडून द्यायचं, डॉक्टरांच्या नावाचा पुकारा करायचा, आणि कॅज्युअल्टीत एखादा पेशंट एकटाच आला तर त्याच्या घरी कळवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यांत अवघड. आवाज चढू द्यायचा नाही, पडूही द्यायचा नाही, नाव दोनदा विचारायचं आणि आपल्याला जेवढं माहीत आहे त्याहून एक अक्षर जास्त बोलायचं नाही.

मृत्यूची बातमी ऑपरेटर फोनवर कधीच देत नाही. "तब्येत जरा नाजूक आहे, ताबडतोब या," एवढंच म्हणायचं असतं. समोरचा ते ऐकतो आणि गप्प होतो, कारण त्याला कळलेलं असतं. एकात्मतेचंच बोलायचं तर 'ताबडतोब या' ही या देशाची खरी राष्ट्रभाषा आहे. ज्याला मराठी येत नाही, हिंदी येत नाही, त्यालाही तिचा अर्थ बरोबर लागतो. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकी भाषांचा आमच्याकडे बाजारच होता. मार्केट यार्डात माल घेऊन येणारे कानडी ट्रकवाले, आयटीतली तेलुगू जोडपी, बिहारचे सेंट्रिंगवाले, केरळच्या सिस्टर. आणि मराठी माणसाचं मराठी माणसाला पटकन कळायचं, असंही समजू नका. खडकवासल्याच्या पलीकडच्या एका गावातून एकदा एका आजोबांचा फोन आला, "डॉक्टर हाय का?" माझ्या जोडीची ऑपरेटर कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ती गोड आवाजात म्हणाली, "हाय सर." आजोबांनी खात्री करून घेतली, "हाय ना पन?" ही पुन्हा म्हणाली, "हाय, हाय." आजोबा समाधानाने बसमध्ये बसले आणि आले. डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते.

ती नवी होती म्हणून मी हसले, पण माझी पाळीही आलीच. नागपूरकडचे एक तरुण डॉक्टर आमच्याकडे होते. त्यांना मी विचारलं, "मोठे सर आले का?" ते म्हणाले, "येऊन राहिले ना." मी नातेवाइकांना सांगितलं, सर येऊन थांबलेत, लगेच वर जा. सगळं खानदान जिन्याने तिसऱ्या मजल्यावर धावलं आणि सर अजून स्वारगेटच्या सिग्नलला. 'येऊन राहिले' म्हणजे तिकडे 'येत आहेत', हे मला पन्नाशीत कळलं. एक राज्य, एक भाषा, आणि ही कथा.

आमच्या ट्रस्टवर लिमये सर म्हणून विश्वस्त होते. संस्कृतचे निवृत्त शिक्षक. रोज सकाळी हॉस्पिटलात फेरी मारायचे आणि पाट्यांवरच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका खडूने दुरुस्त करायचे. माणूस अतिशय सज्जन, पण त्यांची चाहूल लागली की सूचनाफलकाजवळ कुणी उभं राहत नसे. एके दिवशी ते माझ्या केबिनमध्ये आले.

"बाई, तुम्ही फोनवर ॲक्सिडेंट म्हणता. अपघात का म्हणत नाही?"

"सर, परप्रांतातल्या माणसाला कळायला हवं."

"मग तर अपघातच म्हणायला हवं. संस्कृतातून आलेला शब्द काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कळतो. देशाला जोडून ठेवलंय ते त्याच शब्दांनी. आपलेच लोक एकमेकांशी बोलताना इंग्रजीची कुबडी कशाला हवी?"

दुसऱ्या दिवशी तसं परिपत्रक निघालं. इथे प्रामाणिकपणे सांगते, मला ते आवडलं. शाळेत मराठीचा धडा मोठ्याने वाचायला बाई मलाच उभं करायच्या. 'अपघात' म्हणताना आवाज कसा भरदार लागतो. 'ॲक्सिडेंट' म्हणजे नुसती जीभ टाळूला लावून काढायची. मी मन लावून अपघात म्हणू लागले.

त्याच पावसाळ्यातली एक सकाळ. खडकवासला धरणावरून परत येताना एक कॉलेजचा मुलगा स्कूटरवरून घसरला आणि मागच्या टेम्पोची धडक बसली. टेम्पोवाल्यानेच त्याला आमच्याकडे आणलं. मुलाचं नाव जिगर, गाव नवसारी, पुण्यात इंजिनिअरिंगला. मांडीचं हाड मोडलेलं, कपाळाला टाके, पण शुद्धीवर होता. मोबाइलचा चुरा झालेला. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरनी वडिलांचा नंबर विचारला तर त्याने तो धडाधड सांगितला आणि हात जोडून म्हणाला, "आप ही बोल दो. पप्पा से मैं बात नहीं करूँगा." मोडलेल्या पायापेक्षा त्याला बापाची धास्ती जास्त होती.

मी नंबर लावला. वडिलांचं नाव किरीटभाई. पाइप आणि नळांचं दुकान होतं, मागे कुणीतरी लोखंडी काहीतरी आपटत होतं. आमचं हिंदी कसं असतं ते पुणेकरांना सांगायला नको.

"मैं पूना से बोल रही हूँ, हॉस्पिटल से. आपके लडके का, जिगर का, अपघात हुआ है."

पलीकडून बारीक आवाजात, "आपघात?"

"हाँ, अपघात."

"आपघात कर्यो?"

आता त्यांचं हिंदी माझ्यासारखंच असेल, असं मी धरून चालले. माणूस आपलाच शब्द आपल्याला परत म्हणून दाखवतोय, म्हणजे समजलं. आमच्या धंद्यात तर हीच पावती. मी म्हणाले, "हाँ हाँ, अपघात. घबराओ मत, जीव को धोका नहीं है. पैर का ऑपरेशन करना पडेगा. आप ताबडतोब आइए."

काहीतरी पडल्याचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं, आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. अर्ध्या तासाने पुन्हा लावला, पुन्हा नुसती रिंग. दुपारनंतर फोन बंदच लागायला लागला. प्रवासात असतील, रेंज नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि दुसऱ्या लाइनी घेऊ लागले. जिगरचं ऑपरेशन झालं, तो वरच्या वॉर्डात गेला.

दिवेलागणीला तिघं जण दारातून आत आले. मधल्या माणसाला दोघांनी दंडाला धरलं होतं. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. बाजूचा एक जण रिसेप्शनच्या टेबलापाशी आला. तो जिगरचा मामा, हे नंतर कळलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बहनजी, नवसारी से आए हैं. जिगर. बॉडी कब मिलेगी?"

रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मुलगा गेला की काय? आणि मला कुणी सांगितलं कसं नाही? ऑपरेशन झाल्यावरही माणसं जातात, इतकी वर्षं पुकारे करून हे मला माहीत होतं. मी वॉर्डाचं एक्स्टेन्शन दाबलं. सिस्टर लिसी होती. ही केरळची, इतक्या वर्षांत मराठी छान बोलायला लागली होती, फक्त पुरुषांना बायका करायची आणि बायकांना पुरुष.

"लिसी, नवसारीचा जिगर कसा आहे?"

"तो? तो सारखी चहा मागते. मी देत नाय अजून. डोकं खाल्ली माझी."

मला सुटल्यासारखं झालं. मग म्हणाले, "लिसी, काही विचारू नकोस. फोन त्याच्या कानाला लाव." आणि मी केबिनच्या खिडकीतून रिसीव्हर बाहेर काढून किरीटभाईंच्या हातात दिला. त्यांना तो धरता येईना. मामाने त्यांच्या कानाशी धरला. पट्टीचे डॉक्टर, मंत्री, परदेशातली मुलं, किती जणांना मी किती जणांशी जोडून दिलं असेल. पण तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर लावलेला तो फोन मी कुणाला देणार नाही.

माझ्या कानाला हेडफोन तसाच होता. पलीकडून मुलगा चाचरत म्हणाला, "पप्पा?" इकडे नुसता श्वास. मुलाला वाटलं, बाप चिडून गप्प आहे. तो घाईघाईने म्हणाला, "पप्पा, गाडीनो भुक्को थई गयो." गाडीचा चुरा झाला, हे सांगून टाकलं की एक भीती तरी कमी होईल, असा त्याचा हिशेब असावा.

किरीटभाई म्हणाले, "गाडी गई चूलामां. तुं जीवे छे ने?"

मला गुजराती येत नाही. पण गाडी चुलीत गेली आणि तू जिवंत आहेस ना, हे कळायला गुजराती यावं लागत नाही. चुलीत घालायच्या वस्तू आपण दोघेही चुलीतच घालतो. किरीटभाई मटकन खाली फरशीवर बसले आणि मोठमोठ्याने रडायला लागले. रिसेप्शनवरची मुलगी रडत होती, मी रडत होते, आणि बोर्डावर लाइनी लुकलुकत होत्या. त्या दिवशी पुण्यातल्या बऱ्याच लोकांनी बराच वेळ होल्ड केलं.

किरीटभाई वर गेल्यावर मामा माझ्यापाशी आला. चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता. "बहनजी, आपने तो आपघात बोला था."

"अपघात ही तो हुआ."

"हमारे में आपघात मतलब..." त्याने स्वतःच्या गळ्याभोवती हात फिरवून फास दाखवला. गुजरातीत आपघात म्हणजे आत्महत्या.

मी म्हणाले, "फिर अपघात को क्या बोलते हैं?"

"अकस्मात."

"हमारे में अकस्मात मतलब अचानक."

शब्द माझा शंभर टक्के बरोबर होता. त्यांचाही. आणि वर मी त्या बापाला 'ताबडतोब आइए' म्हणाले होते, ज्याचा अर्थ सगळ्या देशाला एकच कळतो.

दुसऱ्या दिवशी किरीटभाई माझ्या केबिनसमोरच्या बाकावर येऊन बसले. बटणं आता नीट लावलेली होती. त्यांनी सांगितलं ते त्यांच्या हिंदीतून मला समजलं तसं लिहिते. मुलाचे विषय राहिले होते आणि त्याने ते घरी लपवले होते. अपघाताच्या दोनच दिवस आधी ते उघडकीला आलं आणि किरीटभाई फोनवर त्याला म्हणाले होते, "मोढुं ना बतावतो." तोंड दाखवू नकोस. मग माझा फोन गेला. मुलाने आपलं ऐकलं, असंच त्यांना वाटलं. जिगरच्या आईला त्यांनी काही सांगितलं नाही. दुकानाच्या कामाने पुण्याला जातो म्हणाले आणि निघाले. वाटभर माझे फोन येत होते. मामा म्हणायचा, उचला. ते मुठीत फोन घट्ट धरून बसले होते.

"उचलला असतात तर तेव्हाच कळलं असतं," मी म्हणाले.

ते म्हणाले, "बेन, जब तक उठाया नहीं, तब तक लडका आधा तो ज़िंदा था ना." शेवटी त्यांनी फोन बंदच करून टाकला होता.

"मी त्या शब्दानंतर सांगितलं होतं हो, जिवाला धोका नाही म्हणून."

"त्यानंतर काही ऐकूच आलं नाही."

मग ते जरासे हसले आणि म्हणाले, "आपण ॲक्सिडेंट म्हणाला असतात, तर काय झालं असतं सांगू? मी वाटभर शिव्या जुळवत आलो असतो. अभ्यास सोडून धरणावर कशाला गेला होतास? गाडी कुणी दिली? वर जाऊन पहिलं तेच म्हणालो असतो." मला वाईट वाटू नये म्हणून ते बोलत होते, हे मला कळत होतं. पण खोटं बोलत नव्हते. मग ते जिगरसाठी चहा घेऊन वर गेले. लिसीने आता परवानगी दिली होती.

लिमये सर नेहमीच्या वेळेला आले. मी सगळं सांगितलं. ते हातातल्या खडूकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "अख्ख्या देशाची एक भाषा असती तर हे झालं नसतं, बाई."

"सर, एकच शब्द होता म्हणून तर झालं. तमिळ माणसाला मी अपघात म्हणाले असते, तर त्याने 'म्हणजे काय' विचारलं असतं. यांनी विचारलं नाही, कारण शब्द त्यांच्या घरातला निघाला."

सर वर गेले, जिगरच्या पलंगाशी बराच वेळ बसले, किरीटभाईंना हात जोडून आले. जाताना माझ्या खिडकीत वाकून म्हणाले, "उद्यापासून ॲक्सिडेंट म्हणा. इंग्रजांनी एवढी एक सोय करून ठेवली म्हणायची." परिपत्रक त्यांनी स्वतःच्या हाताने फलकावरून काढलं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

सरांचं सगळं चुकलं होतं, असं मी म्हणत नाही. माझं मोडकंतोडकं हिंदी आणि किरीटभाईंचं मोडकंतोडकं हिंदी नसतं, तर नवसारीला फोन करून मी बोलले काय असते? लिसी माझ्याशी मराठीत बोलायची, जिगरशी इंग्रजीत, देवाशी मल्याळममध्ये, आणि त्या मुलाचा पाय जुळला. सगळ्यांना येणारी एक भाषा असेल तर फोन लवकर संपतो, लाइन मोकळी होते, हे ऑपरेटर नाकारणार नाही. फक्त एकदा भाषा एक आहे म्हटलं की माणूस विचारायचं सोडतो. देशाचं काय ते प्राध्यापकांनी ठरवावं. माझ्या केबिनपुरते मी दोन बदल केले.

त्या दिवसानंतर मी कुणाला "समजलं ना?" असं विचारलं नाही. त्याला सगळे 'हो' म्हणतात, न समजलेले जास्त जोरात म्हणतात. मी विचारायची, "मी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगा बघू." पुण्यातल्या काही गृहस्थांना हा अपमान वाटे. एक जण म्हणाले, "आमची तोंडी परीक्षा आहे का?" मी म्हटलं, "हो, आणि वेळ कमी आहे."

दुसरं म्हणजे बातमीची मी उलटापालट केली. आपण आधी काय झालं ते सांगतो आणि मग जिवाला धोका नाही म्हणतो. ऐकणारा पहिल्याच शब्दाशी अडकलेला असतो, पुढचं त्याच्या कानात शिरत नाही. म्हणून पहिलं वाक्य ठरून गेलं: जिवंत आहेत. मग बाकीचं. किरीटभाईंकडून 'जीवे छे' मिळालंच होतं. बाकीच्या भाषांत मी ते नातेवाइकांकडून, सिस्टरांकडून, ट्रकवाल्यांकडून मागून घेतलं आणि पाढ्यासारखं पाठ केलं. कानडीत बदुकिद्दारे. तेलुगूत बतिके उन्नारु. बंगालीत बेंचे आछे. प्रयोगशाळेतल्या एका तमिळ तंत्रज्ञाने शिकवलं, उयिरोड इरुक्कार. उयिर म्हणजे जीव, इल्ले म्हणजे नाही, हो म्हणायचं तर आमा, एवढी पुरवणीही त्याने दिली. हे एक वाक्य बोलून मी फोन त्या त्या भाषेच्या माणसाकडे द्यायची. त्या पहिल्या वाक्यानंतर पलीकडून जो श्वास सुटतो, तो ऐकण्यासाठी मी ही नोकरी पुन्हा करीन.

पुण्यात मात्र याचं कौतुक नाही. सदाशिव पेठेतल्या एका बाईंना मी सांगितलं, "आधी ऐका, तुमचे यजमान जिवंत आहेत." त्या म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. सकाळीच माझ्याशी भांडून गेलेत. डिस्चार्ज कधी देताय ते सांगा."

निवृत्त झाल्यावर मला वाटलं, आता हे पाढे विसरायला हरकत नाही. गेल्या जानेवारीत आमचे हे मित्रमंडळींबरोबर तमिळनाडूच्या सहलीला गेले. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी घरी. ह्यांचं प्रवासाचं एक तत्त्व आहे. मराठी जरा सावकाश आणि मोठ्याने बोललं की भारतात कुठेही कळतं. त्या तत्त्वाच्या जोरावर हे सकाळी सगळ्यांना झोपेत सोडून एकटेच कॉफी शोधायला बाहेर पडले.

मी भाजी निवडत होते. ह्यांचा नंबर वाजला, पण आवाज बाईचा. भराभर तमिळ. त्यातले 'सार', म्हणजे सर, 'हास्पिटल', 'अम्मा', एवढे शब्द कळले. माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मी "हिंदी?" म्हटलं, "इंग्लिश?" म्हटलं. ती बिचारी थांबली आणि अगदी सावकाश, मोठ्याने म्हणाली, "उयिरुक्कु आबत्तु इल्ले."

उयिर म्हणजे जीव. इल्ले म्हणजे नाही.

संपलं, असंच मला वाटलं. ती पुढे काही बोलत होती, ते मला ऐकू येत नव्हतं, आणि मला फोन ठेवून द्यावासा वाटत होता. ठेवला की निदान घर होतं तसं राहील, मेथी निवडून होईल, हे संध्याकाळी फोन करतील. फोन मुठीत धरून बसलेला तो बाप मला त्या क्षणी पुरता कळला. आणि तोच आठवला म्हणून मी फोन ठेवला नाही. जसं येत होतं तसं विचारलं, "उयिरोड इरुक्कार?"

पलीकडे ती एकदम थबकली. मग हसल्यासारखी म्हणाली, "ऐयो अम्मा, आमा, आमा. इरुक्कार."

मी जमिनीवरच बसले, मेथीत. जिवाला धोका नाही, एवढंच ती बाई मघापासून सांगत होती. मी हजारदा सांगितलं होतं, तेच.

तिने फोन ह्यांना दिला. पायरीवरून घसरले होते, मनगट मोडलं होतं, डोक्याला पट्टी होती. आवाज मात्र नेहमीचा.

"अगं, सगळं ठीक आहे. इथल्या लोकांना मी व्यवस्थित समजावून सांगितलं. कॉफी तेवढी राहिलीच."

"चुलीत गेली तुमची कॉफी," मी म्हणाले. पण मी रडत होते, त्यामुळे ते स्पष्ट उमटलं नसावं.

"काय म्हणालीस? नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.